काढणाऱ्या हाताची किंमत

गेल्या मे महिन्यात आमच्या महिला मंडळाची सहल शिमल्याला गेली होती. घरच्यांचे डबे, परीक्षा, लग्नसराई सगळं उरकून आम्ही चौदा जणी एकदाच्या निघालो. शिमल्याच्या पुढे नारकंडा आणि तिथून खाली उतरलं की कोटगडचा भाग लागतो. बघावं तिकडे डोंगरउतारावर सफरचंदाच्या बागा. सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ साली इथे लाल सफरचंदाची लागवड सुरू केली. पुढे तो इथलाच झाला, धर्म बदलून सत्यानंद स्टोक्स झाला. आज त्या भागाचा सगळा संसार सफरचंदावर चालतो.

चहाला गाडी थांबली. समोरच्याच बागेत एक बाई शिडीवर उभी राहून झाडाची फळं तोडून खाली टाकत होती. बोराएवढी हिरवी, कोवळी सफरचंदं. झाडाखाली नुसता सडा पडलेला. आमच्यातली एक जण कळवळून म्हणाली, "अगं बाई, ही चांगली चांगली फळं पाडतेय की! वेडी आहे का?" दुसरी म्हणाली, "कुणी बघितलं तर रागावेल हिला मालक." शेवटी मोडक्यातोडक्या हिंदीत तिलाच विचारलं. ती हसली आणि म्हणाली, मालकीण मीच आहे!

मग तिने समजावून सांगितलं. सफरचंदाच्या एका गुच्छात पाच-सहा फुलं येतात. सगळ्यांना फळ धरलं आणि सगळी ठेवली, तर सगळीच बारीक राहतात, रंग धरत नाहीत, ओझ्याने फांदी मोडते. म्हणून गुच्छात एकच ठेवायचं, बहुधा मधलं, आणि दोन फळांत वीतभर अंतर राखायचं. आणि हे लवकर करायचं. कारण याच दिवसांत झाड पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे तयार करत असतं. अंगावर फळांचं फार ओझं असेल तर ते डोळे नीट तयार होत नाहीत. म्हणजे यंदा झाड लगडलं की पुढच्या वर्षी रिकामं.

आमच्या मैत्रिणी तोंडात बोट घालून ऐकत होत्या. मी मात्र गप्प होते. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होण्यासाठी मी किती किंमत मोजली तेही आठवत होतं.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरात सून म्हणून आले त्याला आता बावीस वर्षं झाली. मराठी घेऊन बी. ए. झालेली, माहेर शहरातलं. द्राक्ष मला फक्त खाऊन माहीत होतं. बाजारातून आणलेल्या द्राक्षाचा घड बघा. मणी टपोरे, सगळे सारखे, एकमेकांना न चेंगरता बसलेले. मला वाटायचं, घड असाच येतो. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात कळलं की घड असा येत नाही, तो असा करावा लागतो. आणि तो करतात बायका.

ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीवर नव्या फुटी येतात, त्यांच्याबरोबर घड येतात. झाड आपल्या मनाने भरमसाट घड देतं. त्यातले आधी निम्मेशिम्मे काढायचे, एका काडीला एक या हिशेबाने. मग फुलोरा होऊन मणी धरले, ज्वारी-बाजरीएवढे झाले, की खरं थिनिंग सुरू. आमच्याकडे सगळे थिनिंगच म्हणतात, पुस्तकात विरळणी. टोकदार छोटी कात्री घेऊन एकेक घड हातात धरायचा, त्याचा शेंडा मारायचा, मधल्या काही पाकळ्या काढायच्या, आतल्या बाजूचे आणि खुरटे मणी कापायचे. न विरळलेल्या घडात कित्येक शे मणी असतात. परदेशी पाठवायच्या घडात साधारण शंभराच्या आसपास ठेवतात. कात्रीचं टोक ठेवायच्या मण्याला लागलं तर तो मणी गेला. जास्त काढले तर घड बोडका, कमी काढले तर घट्ट. आणि हे सगळं मांडवाखाली उभं राहून, मान वर करून, हात वर धरून.

एकदा मी सहज हिशेब मांडला. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. एका झाडावर ३५ घड ठेवले तरी एकरी तेहतीस हजारांच्या पुढे घड होतात. त्यातला प्रत्येक घड कुणीतरी बाई हातात धरते, निरखते आणि ठरवते, हा मणी ठेवायचा आणि हा काढायचा. एका घडाला नुसतं एक मिनिट धरलं तरी साडेपाचशे तास होतात! आठ तासांचा दिवस धरा, म्हणजे एका एकराला जवळजवळ सत्तर बायांचा एकेक दिवस. हे मिनिट मी फार कंजुषीने धरलं आहे, हे करणारीला विचारा.

आता माझी चूक सांगते.

२०१५ चा हंगाम. ऐन थिनिंगच्या दिवसांत सासऱ्यांना हृदयाचा त्रास झाला, नाशिकला हलवलं, ऑपरेशन झालं. आमचे हे तीन आठवडे तिकडेच होते. घरी मी, सासूबाई, शाळेत जाणारी दोन पोरं आणि दोन एकर बाग. दवाखान्याचा खर्च रोज वाढत होता. रात्री मी वहीत आकडे मांडायची आणि झोप उडायची.

आमच्याकडे दर वर्षी सुरगाण्याकडून बायांची टोळी येते. तिची मुकादम एक मावशी, पन्नाशीची, सही करण्यापुरतं लिहिता येणारी. ती घड काढायला लागली आणि मला ते बघवेना. एवढे घड खाली पडतायत आणि इकडे पैसे उभे करायचे कुठून? मी म्हटलं, "मावशी, एवढे काढू नका. झाडावर पन्नास-साठ राहू द्या. मणी पण जरा जास्त ठेवा."

ती थांबली. म्हणाली, "वैनी, ऱ्हाऊ द्या म्हंता तर ऱ्हाऊ देऊ. पन झाडाचं बी पोट हाये. ते आज न्हाई म्हननार न्हाई, पुढल्या साली हिशेब घेईल."

आणि मी, पदवीधर, बचत गटाची अध्यक्ष, बायकांना आत्मसन्मानावर भाषणं देणारी, तिला म्हणाले, "मावशी, तुम्हाला सांगितलं तेवढं करा."

तिने तेवढंच केलं.

जानेवारीपर्यंत बाग बघून मी खूश होते. काय लगडली होती! फेब्रुवारीत व्यापारी आला. त्याने दोन-चार घड हातात घेतले, अंगठ्याने मणी बाजूला सारून आत बघितलं. मणी बारीक, एकमेकांना चेंगरलेले, आतले काही फुटून कुजायला लागलेले. घट्ट घडाच्या आत ना हवा शिरते ना फवारणी. गोडीही उतरलेली नव्हती. झाडाची पानं तेवढीच, खाणारी तोंडं दुप्पट, साखर कुठून येणार? "हा एक्स्पोर्टचा माल नाही," एवढंच म्हणून तो गेला. थोडा माल गावठी बाजारात आणि बाकीचा बेदाण्याला गेला, मिळेल त्या भावात.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण द्राक्षाचं असं आहे की पुढच्या वर्षीचा घड आदल्या उन्हाळ्यात, एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तिथे असतो. त्याला लागणारं अन्न काडीत, खोडात, मुळांत साठलेलं असावं लागतं. आमच्या झाडांनी ते सगळं त्या साठ घडांवर उधळलं होतं. पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी आल्या, घड आलेच नाहीत. काही आले ते जिरले, त्यांच्या जागी बाळ्या निघाल्या. त्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं. सासऱ्यांच्या दुखण्याने आम्हाला जेवढं मागे नेलं नव्हतं, तेवढं माझ्या एका वाक्याने नेलं.

मावशी त्या वर्षीही आली. बागेतून एक चक्कर मारली. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानेही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "झाड दमलंय वैनी. यंदा त्याला हलकं ऱ्हाऊ द्या."

मैत्रिणींनो, मी हे एवढं सविस्तर सांगतेय ते माझ्या चुकीचं कौतुक म्हणून नाही. त्या दिवशी बागेत आम्हा दोघींपैकी शहाणी कोण होती, जाणकार कोण होती? आणि संध्याकाळी पैसे मोजून कुणी कुणाला दिले? आणि किती दिले?

आमच्या भागात छाटणीचं काम बहुतेक पुरुष करतात. छाटणीची कात्री धरणारा 'कारागीर'. त्याला आधी विचारतात, चहा पाजतात, त्याच्या तारखा सांभाळतात. थिनिंगची कात्री धरणारी 'बाई'. 'उद्या किती बाया येणार?' अशी तिची मोजणी होते. तिला कधी रोजाने, कधी उक्त्यात एकरावर पैसे मिळतात, आणि ते बऱ्याचदा मुकादमाच्या हातात पडतात. छाटणीच्या आणि थिनिंगच्या रोजात फरक असतो. का असतो, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ते हलकं काम आहे हो, बायकांचं."

हलकं? दिवसभर मान वर करून बघा एकदा. आपल्याकडे दिवाळीत माळ्यावरचे डबे काढताना अर्धा तास हात वर राहिले तर रात्री बाम चोळावा लागतो. या बाया दीड-दोन महिने तेच करतात. डोळे तांबारलेले, खांदे आखडलेले, बोटांना कात्रीचे घट्टे. आदल्या दिवशी फवारणी झालेल्या घडांना उघड्या हातांनी धरतात, आणि दुपारी त्याच हातांनी भाकरी खातात. तान्ही मुलं मांडवाच्या सावलीत साडीच्या झोळीत झोपलेली असतात. दहा-बारा वर्षांच्या मुली धाकट्यांना सांभाळायला म्हणून आलेल्या असतात, आणि त्या महिन्यांत त्यांची शाळा बुडते ती बुडतेच.

कायदा काय म्हणतो ते मी बचत गटाच्या प्रशिक्षणात शिकले. स्त्री-पुरुषांना समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालीच झाला. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. काम सारखं आहे की नाही हे ठरवताना कसब, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी बघायची, असं त्यात म्हटलं आहे. आता हे चारही शब्द थिनिंगला लावून बघा. कसब आहे. कष्ट आहेत. अनुभवाशिवाय ते येत नाही, हे मी स्वतः कात्री धरून पाहिलंय, माझ्या पहिल्या दहा घडांतले तीन वाया गेले होते. आणि जबाबदारी? सगळ्या वर्षाचा माल त्या कात्रीच्या टोकावर असतो. पण दोघांची कामं वेगवेगळी म्हटली की सुटलो! पुरुषाचं काम वेगळं, बाईचं वेगळं, म्हणून दरही वेगळा. ही पळवाट आपण घराघरांत वापरतो.

हे मी घरी बोलले तेव्हा आमचे हे वैतागले. त्यांचंही खोटं नाही. २०१४ ला गारपिटीने झोडपलं. २०२० ला माल तयार आणि लॉकडाऊन लागलं. एखाद्या वर्षी अवकाळी, एखाद्या वर्षी भाव पडलेला. औषधांचे, खतांचे दर आपल्या हातात नाहीत, बाजार हातात नाही. "मग सगळं भरून काढायचं ते शेतकऱ्यानेच का?" त्यांचा प्रश्न योग्य आहे. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. खताच्या दुकानात आपण भाव पाडून मागत नाही, औषधाच्या दुकानात मागत नाही. आपल्या हातात फक्त एकच दर असतो, बाईच्या रोजाचा. म्हणून सगळी काटकसर तिथेच येऊन थांबते. आणि घाईघाईत, स्वस्तात, नवख्या हातांकडून करून घेतलेल्या थिनिंगने किती नुकसान होतं, ते आम्ही दोन वर्षं भोगलं आहे. चांगल्या हाताला चार पैसे जास्त देणं त्यापेक्षा नक्की स्वस्त पडतं.

गेल्या हंगामात आमच्या गटातल्या बागायती घरांतल्या अकरा जणींनी बसून काही गोष्टी ठरवल्या. फार मोठ्या नाहीत. रोज किंवा उक्त्याचा दर काम सुरू होण्याआधी मुकादमाला नाही तर सगळ्या बायांसमोर सांगायचा, आणि पैसे ज्याचे त्याच्या हातात द्यायचे. जुन्या, जाणत्या हाताला नवख्यापेक्षा जास्त दर. नवखीला तिच्याजवळ उभं करून शिकवायचं आणि शिकवणाऱ्या बाईला त्याचे वेगळे पैसे. फवारणी झाली की ठरलेले दिवस त्या ओळीत कुणाला पाठवायचं नाही, आणि हातमोजे आपण द्यायचे. हात धुवायला साबण, प्यायला पाणी, आडोशाला शौचालय. उंच मांडवाखाली चढायला साधे लाकडी पाट. आणि किती घड ठेवायचे हे ठरवताना टोळीतल्या जाणत्या बाईचं मत घ्यायचं.

अकरापैकी सहा घरांनी हे मान्य केलं. दोघींच्या घरी तर मोठी भांडणं झाली. एकीच्या सासऱ्यांनी सुनावलं, "बाहेरच्या बायांची एवढी काळजी, घरच्या बागेची नाही." तिने शांतपणे उत्तर दिलं, "मामा, बागेचीच काळजी करतेय." मला तिचा अभिमान वाटला. पाच घरांत अजून झालेलं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा बोलू.

मुलींच्या शाळेचं मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. एका घराच्या ओट्यावर दुपारी त्यांना बसवून शिकवण्याचा प्रयत्न केला, पण टोळी आज या गावात, उद्या त्या गावात. पंधरा दिवसांत मुली गेल्या. त्यातली एक जाताना वही मागून घेऊन गेली. ती वही पुढे उघडली गेली का, मला माहीत नाही. हे मनाला लागून राहिलंय.

तुमच्यापैकी बहुतेकींची द्राक्षबाग नसेल. पण कापूस वेचायला, कांदा लावायला, मिरच्या तोडायला, हळद शिजवायला आलेल्या बाया तुमच्याही गावात आहेत. 'बायकांचं हलकं काम' हा शब्द तुमच्याही ओट्यावर उच्चारला जातो. कधी कधी तो आपल्याच तोंडून जातो. घरातल्या पुरुषांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. त्या दिवशी मावशीला गप्प बसवणारी मीच होते.

आणखी एक. मावशीला मी एकदा विचारलं होतं, सकाळी किती वाजता उठता? म्हणाली, तीनला. स्वयंपाक, पाणी, सुनेच्या लेकराचं आवरणं, मग पिकअपमध्ये दाटीवाटीने उभं राहून दीड-दोन तास. दिवसभर आमच्या झाडांना पेलवेल तेवढंच ओझं ठेवायचं, आणि रात्री घरी जाऊन परत चूल. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या अंगावरचं ओझं कोण कमी करणार?" ती कात्री पुसत हसली. म्हणाली, "आमच्या घडाला कातर कोन लावतो वैनी?"

कोटगडची ती बाई स्वतःच्या बागेची मालकीण होती, म्हणून ठामपणे फळं पाडू शकत होती. तिला कुणी 'सांगितलं तेवढं कर' म्हणत नव्हतं. आमच्या मावशीला तिच्याइतकंच कळतं. तिच्या नावावर मात्र एक गुंठाही नाही.

या हंगामाची वही मी नवी घातली आहे. आजवर आमच्या वहीत थिनिंगच्या पानावर 'बाया १८', 'बाया २२' असंच लिहिलेलं असायचं. यंदा पहिल्या पानावर टोळीतल्या प्रत्येकीचं नाव, आडनाव, कितव्या वर्षाचा अनुभव आणि ठरलेला दर असे रकाने आखले आहेत. पहिलं नाव मावशीचं. समोर अनुभव लिहिला, तीस वर्षं. आणि त्याच्यापुढच्या रकान्यात, जिथे आमचे हे छाटणीवाल्यासाठी 'कारागीर' लिहितात, तिथे मीही तोच शब्द लिहिला.